माणूस केव्हां घडतो?

आपल्या घरांतून एक वाक्य दिवसांतून दोनचार वेळां तरी कानीं पडतें. मूल हट्टाला पेटलें, म्हणजे ‘हा पहिल्यापासून असाच’. सून अबोल राहिली, म्हणजे ‘तिचा स्वभावच तसा’. आणि आजोबांनीं एखादी नवी गोष्ट शिकावयाचें मनावर घेतलें, म्हणजे ‘आतां या वयांत काय बदलणार?’ शब्द निराळे, परंतु त्यांच्या मुळाशीं समजूत एकच आहे. माणूस एकदां केव्हां तरी घडतो आणि मग उरलेलें आयुष्य त्या घडणीवर काढतो, ही ती समजूत. ती कितपत खरी आहे, याचा विचार आज करावयाचा आहे. आणि तो करतांना उदाहरणें शक्य तों आपल्या खानदेशांतलींच घ्यावयाचीं, असें मीं ठरविलें आहे. रावेरसारख्या गांवीं बसून मानसशास्त्राविषयीं बोलावयाचें, तर व्हिएन्ना आणि न्यूयॉर्क येथील हकिकतींपेक्षां तापीकांठचीं माणसें आपणांस अधिक जवळचीं वाटतील.

वरील समजूत केवळ घरगुती आहे असें मात्र नाहीं. विल्यम जेम्स हा अमेरिकेंतला थोर तत्त्वज्ञ. त्यानें १८९० सालीं मानसशास्त्रावर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत असें प्रतिपादन केलें कीं, बहुतेक माणसांचा स्वभाव तिसाव्या वर्षापर्यंत गिलाव्याप्रमाणें घट्ट होऊन जातो. नंतर तो मऊ होत नाहीं. जेम्सला याचें वाईटहि वाटत नव्हतें. सवयी पक्क्या होतात म्हणूनच जगाचा गाडा सुरळीत चालतो, असें त्याचें म्हणणें. तिसाव्या वर्षाचा हा आंकडा आपण लक्षांत ठेवूं. पुढें तो दोनदां आपल्या उपयोगीं पडणार आहे.

प्रथम दोन शब्द वेगळे करून घेतले पाहिजेत, कारण नित्याच्या बोलण्यांत त्यांची गल्लत होते. एक ‘स्वभाव’ आणि दुसरा ‘ओळख’. स्वभाव म्हणजे माणूस साधारणतः कसा वागतो तें: चटकन् रागावतो कीं सोशिक आहे, माणसांत रमतो कीं एकांत शोधतो, हातीं घेतलेलें काम तडीस नेतो कीं अर्ध्यावर टाकतो. ओळख म्हणजे ‘मी कोण?’ या प्रश्नाचें त्यानें स्वतःला दिलेलें उत्तर. स्वभाव शेजाऱ्यालाहि दिसतो. ओळख ज्याची त्यालाच ठाऊक, आणि पुष्कळदां त्यालाहि ती अर्धवटच ठाऊक असते. दोहोंना मिळून आपण व्यक्तिमत्त्व म्हणतों. परंतु दोहोंची वाढ एकाच वेगानें होत नाहीं.

स्वभावाचा कांहीं भाग मूल जन्मतःच बरोबर घेऊन येतें, यांत आतां शंका राहिलेली नाहीं. दोन लेकरें एकाच आईच्या मांडीवर वाढतात. एक पाहुण्याकडे झेप घेतें, दुसरें पदराआड तोंड लपवितें. अलेक्झांडर टॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर दांपत्यानें १९५६ सालापासून न्यूयॉर्कमध्यें १३३ मुलांचें तान्हेपणापासून मोठेपणापर्यंत निरीक्षण केलें. झोप, भूक, नव्या वस्तूकडे ओढ किंवा तिची भीति, रडण्याचा जोर, अशा नऊ बाबतींत त्यांना तान्ह्या मुलांतहि स्पष्ट फरक आढळले. पण त्यांचा खरा महत्त्वाचा निष्कर्ष याच्या पुढचा आहे. कोणतें मूल पुढें अडचणींत येईल, हें नुसत्या त्याच्या प्रकृतीवरून सांगतां आलें नाहीं. त्या प्रकृतीचा आणि घरच्या माणसांच्या अपेक्षांचा मेळ बसला कीं नाहीं, यावर तें अवलंबून होतें.

आमच्या रावेरच्या श्रोत्यांना हें केळीच्या भाषेंत सांगितलें तर लौकर उमजेल. कंद तोच असला, तरी मृगबागेंत लावला तर त्याला आरंभींच पाऊस मिळतो, आणि कांदेबागेंत लावला तर कोंवळेपणींच त्याला थंडी गांठते व वाढ मंदावते. शेतकरी त्यासाठीं कंदाला शिव्या देत बसत नाहीं. तो पाण्याच्या पाळ्या आणि खताच्या वेळा त्या बागेच्या मानानें बेततो. मुलांच्या बाबतींत मात्र आपण कंदालाच बोल लावतों, आणि शिवाय शेजारच्या बागेंतला घड त्याला दाखवितों.

ओळखीची गोष्ट निराळी आहे. ती जन्मतः नसते. ती घडावी लागते, आणि ती घडण्यास दुसरें माणूस लागतें. आपल्याकडे आया मुलाच्या गालाला काजळाची तीट लावतात. ब्यूला ॲम्स्टरडॅम या अमेरिकन विदुषीनें १९७२ सालीं जो प्रयोग प्रसिद्ध केला, तो जवळजवळ असाच आहे. मुलाच्या नकळत त्याच्या नाकाला लाल ठिपका लावावयाचा आणि त्याला आरशासमोर बसवावयाचें. वर्षाचें मूल आरशांतल्या ‘सोबत्या’कडे पाहून हंसतें. दीड ते दोन वर्षांचें झालें, म्हणजे त्याचा हात आरशाकडे न जातां स्वतःच्या नाकाकडे जाऊं लागतो. आरशांतलें तें मूल म्हणजे आपणच, हें त्याला कळलेलें असतें. याच सुमारास ‘बाळूला पाहिजे’ हें जाऊन ‘मला पाहिजे’ हें येतें, आणि घरांत भांडणांना आरंभ होतो. तीं भांडणें हें वाढीचें लक्षण आहे, असें त्या वेळीं कोणाला सांगून पटत नाहीं.

येथून पुढचा सबंध जीवनपट ज्यानें मांडून दाखविला, त्या एरिक एरिक्सनची स्वतःचीच कथा चमत्कारिक आहे. तो १९०२ सालीं जर्मनींत फ्रँकफुर्ट येथें जन्मला. आपला जन्मदाता कोण, हें त्याला कधींच कळलें नाहीं. सावत्र वडिलांचें होम्बुर्गर हें आडनांव लावून तो वाढला, आणि अमेरिकेंत जाऊन तेथील नागरिक झाल्यावर त्यानें एरिक्सन, म्हणजे ‘एरिकचा मुलगा’, असें आडनांव स्वतःच धारण केलें. जणूं तो आपलाच पुत्र झाला! अशा माणसानें ओळखीच्या प्रश्नावर आयुष्य वेंचावें यांत नवल नाहीं. आपल्या देशाशींहि त्याचा संबंध आला. महात्मा गांधींनीं १९१८ सालीं अहमदाबादेस गिरणी कामगारांचा जो लढा चालविला, त्यावर त्यानें १९६९ सालीं एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

एरिक्सननें १९५० सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत मानवी आयुष्याच्या आठ अवस्था सांगितल्या. प्रत्येक अवस्थेंत माणसापुढें एक पेंच उभा राहतो. पहिल्या वर्षीं, या जगावर विसंबतां येईल कीं नाहीं, हा पेंच. मग स्वतःच्या पायांवर उभें राहण्याचा, पुढाकार घेण्याचा, आणि शाळेच्या वयांत ‘माझ्या हातून कांहीं होतें कीं नाहीं’ याचा. तारुण्याच्या उंबरठ्यावर ‘मी कोण’ हा प्रश्न येतो. त्यानंतर दुसऱ्याशीं जीव जडविण्याचा, मध्यम वयांत पुढच्या पिढीसाठीं कांहीं करून ठेवण्याचा, आणि अखेरीस, झालें तें आयुष्य आपलेंच म्हणून पत्करण्याचा. हें ऐकतांना आपल्या चार आश्रमांची आठवण कोणासहि होईल. फरक एवढाच कीं, आश्रमव्यवस्था कर्तव्य सांगते आणि एरिक्सन अडचण सांगतो.

ही शिडी सुबक आहे. मला ती जरा अधिकच सुबक वाटते. तिच्यांत ‘मी कोण’ याचा निर्णय आधीं आणि विवाह, संसार हीं नंतर. तरुणानें चार वर्षें इकडे तिकडे हिंडावें, चार व्यवसाय करून पाहावे, चार मतांचा स्वीकार आणि त्याग करावा, आणि मग स्वतःला ओळखून संसारांत पडावें. अशी सवड समाज तरुणांना देतो, असें एरिक्सन म्हणतो. पण ही सवड आपल्याकडे कोणाच्या वांट्याला आली? मुलींच्या वांट्याला तर ती आलीच नाहीं. लग्नांत ताटामध्यें तांदूळ पसरून त्यांवर अंगठीनें वधूचें नवें नांव लिहिण्याची रीत आपणां सर्वांस परिचित आहे. नाशिकजवळच्या जलालपूरची मनकर्णिका गोखले अकराव्या वर्षीं लक्ष्मी टिळक झाली. यमुना कुर्लेकर हिची रमाबाई रानडे झाली. दुसरी एक यमुना होती, तिला जग डॉक्टर आनंदीबाई जोशी म्हणून ओळखतें. ‘मी कोण’ हा प्रश्न मुलीच्या मनांत नीट उभा राहण्यापूर्वींच तिच्या हातीं दुसऱ्यांनीं लिहिलेलें उत्तर दिलेलें असे. मग त्यांच्या ठायीं ओळख निर्माण झालीच नाहीं कीं काय? झाली, आणि कोणत्याहि पुरुषाइतकी ठळक झाली. परंतु ती शिडीच्या क्रमानें झाली नाहीं. हें कसें घडतें, याचें सर्वांत बोलकें उदाहरण जळगांवाजवळ असोदें या गांवीं सांपडतें.

असोद्याच्या महाजनांच्या घरीं १८८० सालीं बहिणाबाईंचा जन्म झाला. तेराव्या वर्षीं त्यांचें लग्न जळगांवच्या नथुजी चौधरी यांच्याशीं झालें. सासर मोठें, खटल्याचें. शेतीचें काम, जात्यावरचें काम, माणसांची ऊठबस. अक्षरओळख नाहीं. तिसाव्या वर्षाच्या सुमारास त्यांना वैधव्य आलें. पदरीं तीन मुलें. जेम्सच्या हिशेबानें हाच गिलावा वाळण्याचा क्षण. आणि त्या काळच्या समाजाच्या हिशेबानें तर बाईचें आयुष्य येथें संपलेंच म्हणावयाचें. पत्नी ही जी तिला दिलेली ओळख, तीच निघून गेली होती.

याच प्रसंगावर बहिणाबाईंचें एक गाणें आहे. त्याचा आशय असा कीं, बाहेरचीं सौभाग्यचिन्हें एकेक करून गेलीं, तरी अंगावर जें गोंदलेलें होतें आणि मनगटांत जी धमक होती, ती कोणाला काढून नेतां आली नाहीं; आतां दैवाला आव्हान द्यावयाचें तें त्यांच्याच बळावर. दुसऱ्या एका गाण्यांत, भविष्य सांगावयास आलेल्या ज्योतिषाला त्या दारांतूनच परत पाठवितात. आपलें दैव आपणांस कळतें, तें दुसऱ्यानें येऊन सांगावयास नको, असा त्यांतला सूर आहे. एरिक्सनच्या परिभाषेंत हें सांगावयाचें, तर विसाव्या वर्षाच्या आंतबाहेर जो प्रश्न सुटावयाचा, तो या बाईनें तिसाव्या वर्षानंतर, दोन हात शेतांत आणि तीन मुलें भोंवतीं असतांना सोडविला. दुसऱ्यांनीं दिलेल्या चिन्हांपैकीं काय गळून पडलें आणि आपलें म्हणून काय उरलें, याची त्यांनीं स्वतःच मोजदाद केली.

त्यांचा मनावरचा अभ्यास तर थक्क करणारा आहे. उभ्या पिकांत पुन्हां पुन्हां शिरणारें ओढाळ गुरूं, हें त्यांनीं मनाला दिलेलें रूप. हांकलून दिलें तरी तें परत येतें. रावेर-यावल भागांतल्या ज्या श्रोत्यांची घरची बोली लेवा गणबोली आहे, त्यांना या गाण्यांची गोडी मुद्दाम सांगावयास नको. बाकीच्यांनीं तीं एखाद्या तापीकांठच्या म्हातारीकडून म्हणवून घ्यावीं. छापील पानावर त्यांचें अर्धें रूपच दिसतें.

येथें एक सावधगिरी घेतली पाहिजे. दुःखानें माणूस थोर होतो, असा गुळगुळीत निष्कर्ष कोणी काढूं नये. बहिणाबाईंच्याच पिढींत असंख्य स्त्रियांना त्याच आघातानें कायमचें मुकें केलें. बहिणाबाईंपाशीं उपजत प्रतिभा होती, पण तेवढ्यानेंहि भागलें नसतें. जात्याबरोबर गाणें म्हणण्याची परंपरा होती, म्हणून शब्दांना वाट मिळाली; हाताला काम होतें, म्हणून मनाला आधार मिळाला; आणि घरांत ऐकणारा मुलगा होता. सोपानदेव चौधरी हे स्वतः पुढें कवि म्हणून नांवारूपास आले. आईचीं गाणीं घरच्या माणसांनींच वहींत उतरून ठेवलीं. ३ डिसेंबर १९५१ रोजीं बहिणाबाई निवर्तल्या. त्यानंतर सोपानदेवांनीं तीं गाणीं आचार्य अत्र्यांना दाखविलीं, आणि १९५२ सालीं अत्र्यांच्या प्रस्तावनेसह तीं प्रसिद्ध झालीं. कवयित्री ही त्यांची जगाला झालेली ओळख, आणि ती त्यांच्या मृत्यूनंतरची. त्यांनीं स्वतःस कवयित्री म्हणवून घेतलें असतें असें मला वाटत नाहीं. जळगांवच्या विद्यापीठाला २०१८ सालीं त्यांचें नांव देण्यांत आलें, आणि निरक्षर बाईचें नांव पदवीपत्रांवर छापलें जाऊं लागलें. माणसाची आंतली ओळख आणि जगानें दिलेली ओळख यांत किती वर्षांचें अंतर पडूं शकतें, हें यावरून दिसून येईल.

तिसाव्या वर्षाचा दुसरा दाखला अंमळनेरचा आहे. पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म कोंकणांत पालगड येथें २४ डिसेंबर १८९९ रोजीं झाला. १९२४ सालीं ते अंमळनेरच्या शाळेंत शिक्षक झाले. तेथील वसतिगृहांतल्या मुलांची व्यवस्था त्यांच्याकडे आली, आणि मुलांसाठीं ते ‘छात्रालय दैनिक’ नांवाचें हस्तलिखित पत्र चालवीत. मुलांचें आजारपण, त्यांच्या खोल्यांची झाडलोट, त्यांचीं रुसणींफुगणीं, सर्व कांहीं ते पाहत. येथपर्यंतची ओळख म्हणजे एक प्रेमळ मास्तर. १९३० सालीं, म्हणजे वयाचें तिसावें वर्ष पुरें झालें असतां, त्यांनीं नोकरी सोडली, ते सत्याग्रहांत पडले आणि तुरुंगांत गेले. १९३६ सालच्या डिसेंबरांत आमच्या शेजारीं फैजपूरला राष्ट्रसभेचें पहिलें ग्रामीण अधिवेशन भरलें. त्याच्या तयारीसाठीं खानदेशांत गांवोगांव फिरणारे साने गुरुजी हे वसतिगृहांतल्या मास्तरांहून किती निराळे!

परंतु जरा बारकाईनें पाहिलें म्हणजे दिसतें कीं, निराळी झाली ती ओळख. स्वभाव तोच राहिला. चटकन् डोळे भरून येणें, दुसऱ्याचें दुःख अंगाला लावून घेणें, स्वतःच्या उणिवा मोठ्या करून पाहणें, हें सर्व मास्तर असतांनाहि होतें आणि सत्याग्रही झाल्यावरहि होतें. हळवेपणाला त्यांनीं टाकून दिलें नाहीं. त्याला मोठें काम दिलें. स्वभाव बदलत नाहीं म्हणून माणूस बदलत नाहीं, असें म्हणणारे हें विसरतात कीं, एकच स्वभाव दोन अगदीं भिन्न आयुष्यें चालवूं शकतो.

आणखी एक गोष्ट. १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत साने गुरुजींनीं ‘श्यामची आई’ लिहिली. त्यांच्या मातोश्रींना जाऊन तेव्हां पंधरासोळा वर्षें झालीं होतीं. लिहिणारा तेहतीस वर्षांचा राजबंदी; सांगितलेली गोष्ट लहानग्या मुलाची. त्यांनीं हें त्याच वेळीं कां लिहिलें असावें? डॅन मॅकॲडम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें असें मांडलें आहे कीं, प्रौढ माणसाची ओळख ही मुख्यतः एक गोष्ट असते. आपण कोठून आलों, कोणत्या वळणावर काय झालें आणि कोठें चाललों आहों, हें माणूस मनांतल्या मनांत एका कथेंत गुंफीत असतो. वर्तमान बदललें कीं तो भूतकाळ नव्यानें जुळवून घेतो. नोकरी, शाळा, मुलें हीं मागें टाकून आलेल्या माणसानें, आपल्यांत जें कांहीं चांगलें आहे त्याचा उगम कोठें, हें आईच्या आठवणींत शोधलें, असा मी या पुस्तकाचा अर्थ लावतों. ज्याला तो पटणार नाहीं, त्यानें खुशाल तें केवळ आईचें चरित्र म्हणून वाचावें. पुस्तकाचें कांहीं बिघडत नाहीं.

आतां दोन उदाहरणांवरून सिद्धान्त बांधणें बरें नव्हे, ही शंका रास्त आहे; म्हणून थोडे आंकडे पाहूं. एकाच वर्गांतल्या वीस मुलांची चिकाटीच्या मानानें क्रमवारी लावली, आणि कांहीं वर्षांनीं पुन्हां लावली, तर ती कितपत जुळेल? अशा प्रकारच्या १५२ अभ्यासांचा एकत्र आढावा २००० सालीं प्रसिद्ध झाला. मुळींच जुळत नसेल तर शून्य आणि तंतोतंत जुळली तर एक, असें माप धरलें, तर लहानपणीं हा आंकडा सुमारें ०.३१ येतो, तिसाव्या वर्षाच्या आसपास ०.६४, आणि पन्नास ते सत्तर या वयांत ०.७४. म्हणजे स्वभाव घट्ट होत जातो, हें जेम्सचें म्हणणें खरें; पण तो तिशींत गोठून जातो हें मात्र खरें नाहीं. गिलावा पन्नाशीपर्यंत ओलाच असतो, आणि नंतरहि पुरता वाळत नाहीं. २००६ सालीं अशाच ९२ अभ्यासांचा दुसरा आढावा निघाला. त्यांत असें दिसलें कीं, वयाबरोबर माणसें सरासरीनें अधिक जबाबदार आणि अधिक स्थिरचित्त होत जातात, आणि हा बदल विसाव्या व चाळिसाव्या वर्षांच्या दरम्यान विशेष होतो. उडाणटप्पू पोराविषयीं ‘अंगावर जबाबदारी पडूं द्या, सुधारेल’ असें आपल्या वडीलधाऱ्यांचें म्हणणें असे, त्यांत सरासरीपुरतें तथ्य आहे. एकेका पोराची हमी मात्र तो आढावा देत नाहीं, आणि त्यासाठीं कोणाच्या मुलीचें आयुष्य पणाला लावण्याचा आधार तर त्यांत मुळींच नाहीं!

गंमत अशी कीं, हें आपलें आपल्याला दिसत नाहीं. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत अठरा ते अडुसष्ट वर्षें वयाच्या एकोणीस हजारांहून अधिक लोकांना विचारलें गेलें कीं, मागच्या दहा वर्षांत तुम्ही किती बदललां, आणि पुढच्या दहा वर्षांत किती बदलाल? प्रत्येक वयाच्या माणसांनीं सांगितलें कीं, मागें पुष्कळ बदललों, पण यापुढें फारसा बदल होईल असें वाटत नाहीं. विशीचा तरुणहि हेंच म्हणतो आणि साठीचा गृहस्थहि हेंच म्हणतो. जो तो समजतो कीं, आपण आजच पूर्ण झालों.

या भ्रमाची किंमत आपल्या सुशिक्षित घरांत सोळासतरा वर्षांचीं मुलें भरतात. जेम्स मार्सिया यानें १९६६ सालीं तरुणांच्या ओळखीच्या चार स्थिति सांगितल्या. त्यांपैकीं एकच येथें पुरे. कांहीं तरुण फार लौकर स्थिर झालेले दिसतात. काय व्हावयाचें तें त्यांचें ठरलेलें असतें. चित्तांत घालमेल नसते. आईबाप त्यांचें कौतुक करतात. पण खोदून विचारलें तर कळतें कीं, त्यांनीं निवड केलेलीच नाहीं. घरांत तयार असलेलें उत्तर त्यांनीं स्वतःचें म्हणून पत्करलें आहे. डॉक्टरांचा मुलगा डॉक्टर, वकिलांचा वकील, बागाइतदाराचा बागाइतदार. यांत वाईट कांहीं नाहीं, आणि पुष्कळांचें आयुष्य त्यांतच सुखानें जातें. पण पन्नाशींत कधीं तरी तो न विचारलेला प्रश्न दारांत येऊन उभा राहतो, आणि तेव्हां घरच्यांना वाटतें कीं, याचें डोकें फिरलें. त्याउलट, आज जो मुलगा रोज नवा बेत सांगतो आणि बापाचा रोष ओढवून घेतो, तो कदाचित् तेंच काम योग्य वेळीं करीत असेल. बारावीच्या गुणपत्रिकेवरून आपण त्याच्याविषयीं जो निकाल देतों, तो एका फार ओल्या गिलाव्याविषयीं असतो, एवढें बापानें ध्यानांत घेतलें तरी घरांतला कलह अर्धा कमी होईल.

राहिलें वार्धक्य. या विषयावर आमच्या शेजारच्या मुक्ताईनगर तालुक्यांत एक फार जुनी आख्यायिका नांदते आहे. तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर चांगदेवांचें स्थान आहे. आख्यायिका म्हणते, चांगदेव चौदाशें वर्षें जगलेले योगी. ज्ञानेश्वरांना पत्र लिहावयास बसले, तों मायना सुचेना. वयानें लहान म्हणून चिरंजीव लिहावें, कीं ज्ञानानें थोर म्हणून तीर्थरूप लिहावें? शेवटीं कोराच कागद पाठविला. तो पाहून लहानगी मुक्ताबाई म्हणाली, चौदाशें वर्षें जगून हा कोरा तो कोराच! पुढें त्याच मुलीला चांगदेवांनीं गुरु केलें. या कथेकडे इतिहास म्हणून पाहावयाचें नाहीं. पण आपल्या पूर्वजांनीं ती सांगितली, यावरून एवढें तर खरें कीं, अतिवृद्ध माणूसहि नवी ओळख घेऊं शकतो, हें त्यांना अशक्य वाटत नव्हतें. मायना सुचेनासा होणें, म्हणजे समोरच्याच्या संबंधांत ‘मी कोण’ हेंच न ठरणें, हें तर एरिक्सनला हेवा वाटावा इतकें नेमकें आहे.

आधुनिक वैद्यकाला हें उशिरा कळलें. म्हातारीं माणसें तेच तेच जुने प्रसंग सांगूं लागलीं, कीं बुद्धि क्षीण झाली असें समजण्याचा प्रघात होता. रॉबर्ट बटलर या अमेरिकन डॉक्टरानें १९६३ सालीं दाखवून दिलें कीं, हें केवळ स्मृतीचें भटकणें नव्हे. आयुष्याचा हिशेब पुन्हां मांडून तो जमतो कीं नाहीं हें पाहण्याचें तें काम आहे. एरिक्सनच्या आठव्या अवस्थेचें कार्य तें हेंच. त्याच्या पत्नीनें, जोन एरिक्सन हिनें, नव्वदी उलटल्यावर १९९७ सालीं त्यांत नववी अवस्था जोडली. आठ पायऱ्या चढून झाल्यावर तिला कळलें कीं शिडी आणखी आहे! आणि आपल्या लक्ष्मीबाई टिळक? रेव्हरंड टिळक १९१९ सालीं गेले, तेव्हां त्यांचें ‘ख्रिस्तायन’ हें काव्य अपुरें राहिलें होतें. लग्नानंतर कसेंबसें लिहावाचावयास शिकलेल्या या बाईंनीं त्याचे उरलेले अध्याय लिहिले, आणि ‘स्मृतिचित्रें’ पुस्तकरूपानें बाहेर येऊं लागलीं तेव्हां त्यांचें वय सहासष्टाच्या घरांत होतें. मराठी गद्यांतल्या एका श्रेष्ठ लेखिकेची ओळख साठीनंतर पुरी झाली.

वृद्धांच्या आठवणींविषयीं एक शोध लक्षांत ठेवण्यासारखा आहे. साठसत्तर वर्षांच्या माणसाला आयुष्यांतल्या आठवणी सांगावयास लावलें, तर दहा ते तीस या वयांतल्या आठवणी इतर काळाच्या मानानें फार अधिक निघतात. ‘मी कोण’ हें ठरण्याचा तोच काळ, म्हणून मन त्यालाच धरून राहतें, असा त्याचा एक उलगडा सांगतात. आतां आपल्या घरच्या आजीचा विचार करा. याच वर्षांत तिचें गांव बदललें, आडनांव बदललें, कित्येकदां नांवहि बदललें. ती माहेरच्या विहिरीची, चिंचेची आणि मैत्रिणींची तीच हकिकत विसाव्यांदा सांगूं लागते, तेव्हां आपण हातांतल्या वर्तमानपत्रावरची नजर काढीत नाहीं. कित्येक घरांतल्या नातवंडांना तिचें माहेरचें नांव माहीत नसतें. तिनें तें सांगितलेलें नसतें, कारण कोणी विचारलेलें नसतें. आज रात्रीं जेवणें झाल्यावर तें विचारून पाहा. आणि ती सांगूं लागली, कीं मध्यें बोलूं नका.